धावणारे नऊ, धावपळ नऊ घरांची



ऑक्टोबर जवळ आला की आयर्लंडमधल्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं, आणि दुसरा म्हणजे डब्लिन मॅरेथॉन. पहिल्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आज दुसरा घेतला आहे. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. एमबीए केल्यापासून जडलेली हिशेब मांडायची खोड अजून गेलेली नाही. तेव्हा आजच्या बोलण्यात थोडा इतिहास आहे, थोडी माहिती आहे आणि एक हिशेब आहे. तो हिशेब पळणाऱ्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांनी जास्त लक्ष देऊन ऐकावा.

२६ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे गेल्या दिवाळीच्या आठवड्यानंतरच्या रविवारी, आमच्या छोट्याशा रनिंग क्लबचे नऊ जण डब्लिन मॅरेथॉन धावले. क्लब म्हणजे फार मोठं काही समजू नका. लुकन आणि आसपासची काही मराठी घरं, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असणारा चहाचा थर्मास. नऊपैकी चार बायका, पाच पुरुष. सगळ्यांत लहान एकतीस वर्षांची, सगळ्यांत मोठे बावन्न वर्षांचे. शाळेत असताना खेळाच्या तासाला झाडाखाली बसणारेच त्यात जास्त होते, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी या शर्यतीची थोडी ओळख करून देतो, कारण तिचा आणि रेडिओचा जवळचा संबंध आहे.

पहिली डब्लिन मॅरेथॉन २७ ऑक्टोबर १९८० ला झाली. ती घडवून आणणारा माणूस म्हणजे नोएल कॅरोल. १९६४ च्या टोकियो आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ते ८०० मीटर धावले होते, आणि पुढे डब्लिन महापालिकेत जनसंपर्काचं काम पाहत होते. शहराच्या मधोमध रस्ते बंद करून सामान्य माणसांना पळू द्यावं, ही कल्पना त्या काळी बऱ्याच जणांना वेडगळच वाटली असणार. कॅरोल यांनी दोन संस्थांना राजी केलं. एक, कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांच्या शर्यती भरवणारी बिझनेस हाउसेस अॅथलेटिक असोसिएशन, आणि दुसरी, जेमतेम वर्षभरापूर्वी सुरू झालेलं आरटीई रेडिओ टू हे केंद्र, ज्याला आज आपण टू एफएम म्हणतो. म्हणजे ही शर्यत उभी राहिली त्यात रेडिओचा मोठा हात होता. पहिल्या वर्षी सुमारे २,१०० जणांनी नाव नोंदवलं आणि १,४२० जणांनी शर्यत पूर्ण केली. जिंकला तो डब्लिनचाच डिक हूपर. पुढे १९८५ आणि १९८६ सालीही तोच जिंकला. नोएल कॅरोल १९९८ च्या ऑक्टोबरात, त्या वर्षीच्या मॅरेथॉनच्या काही दिवस आधी, धावण्याचा सराव करून आल्यावर वारले. त्यांनी लावलेलं रोप मात्र वाढतच गेलं. आज वीस हजारांहून जास्त लोक नाव नोंदवतात आणि प्रवेश सोडतीने द्यावा लागतो.

२०१५ पर्यंत ही शर्यत ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारी असायची. २०१६ पासून ती रविवारी आली, आणि तो पहिलाच रविवार नेमका लक्ष्मीपूजनाचा निघाला, ३० ऑक्टोबर. २०१९ सालीही तसंच झालं. २७ ऑक्टोबरला चाळिसावी डब्लिन मॅरेथॉन होती आणि त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. सकाळी बेचाळीस किलोमीटर आणि संध्याकाळी पाटावर मांडी घालून पूजा! ज्यांनी हे दोन्ही केलं त्यांना विचारा, जास्त अवघड काय होतं. उत्तर मांडीचं येईल.

आता जरा मागे जाऊ. परदेशातल्या शहरात जाऊन मॅरेथॉन धावणं हे आयटीवाल्यांचं नवं खूळ आहे असं कोणी म्हटलं, तर त्यांना बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचं नाव सांगा. १९२० च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिम्पिकची मॅरेथॉन झाली. भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवण्याचा तो पहिला प्रयत्न. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांचा वेग युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारा आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पुढाकार घेऊन, पदरचे पैसे घालून संघ पाठवला. त्या संघातून चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉन धावले. अँटवर्पची ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. चौगुलेंनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्या वेळी ना जेल होते, ना मनगटावर घड्याळ, आणि सराव झालेला अनवाणी. आमच्या नऊ जणांपैकी कोणीही त्या वेळेच्या तासभर जवळही पोचलेलं नाही. चौगुले आठवले की आपण आपोआप जमिनीवर येतो.

आता येतो हिशेबाकडे.

मॅरेथॉनची तयारी साधारण अठरा आठवड्यांची धरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून अठरा आठवडे मागे गेलात की जूनचा तिसरा-चौथा आठवडा येतो. आठवड्यातून चार दिवस पळायचं. त्यात रविवारची लांबची धाव असते. ती सुरुवातीला दहा-बारा किलोमीटर आणि सप्टेंबरअखेर तीस-बत्तीसपर्यंत जाते. सुरुवातीला आठवड्याला चार तास, शेवटी आठ. सरासरी सहा तास धरा. अठरा गुणिले सहा, एकशे आठ तास. ऑफिसच्या आठ तासांच्या भाषेत सांगायचं तर साडेतेरा दिवस.

हे साडेतेरा दिवस येतात कुठून? आकाशातून पडत नाहीत. घरातलं दुसरं माणूस ते देतं. रविवारी सकाळी मुलांना उठवणं, न्याहारी, स्विमिंगचा क्लास, मराठी शाळा, आठवड्याचा बाजार, भारतात आईवडिलांना व्हिडिओ कॉल. पळणारा चार तासांनी घरी येतो, तंगड्या पसरून सोफ्यावर पडतो आणि म्हणतो, आज अठ्ठावीस झाले! आपल्याकडे आजी-आजोबा शेजारच्या खोलीत असतात, कामाला मावशी असतात, कुणी ना कुणी सांभाळून घेतं. इथे आपण दोघंच. त्यामुळे एकाने दार ओढून बाहेर पडलं की घराचं सगळं वजन दुसऱ्यावर येतं.

क्लबच्या सुरुवातीच्या एका बैठकीला घरच्यांनाही बोलावलं होतं. तिथे एका सदस्याच्या बायकोने शांतपणे सांगितलं, "मेडल तुमचं, रविवार आमचा." खोलीत एकदम शांतता झाली. नंतर दोन-तीन जणींनी माना डोलावल्या. एका नवऱ्यानेही डोलावली, कारण त्याची बायको पळते.

त्या दिवशी क्लबने तीन नियम केले. आजवर इतक्या पॉलिसी लिहिल्या मी, पण इतकी उपयोगी एकही लिहिली नसेल.

पहिला नियम, एका घरातून एका वर्षी एकच मॅरेथॉन. यंदा नवरा पळाला तर पुढच्या वर्षी बायकोचा नंबर, आणि तिला पळायचं नसेल तर तिच्या आवडीचं दुसरं काही. आमच्यातल्या एका ताईंनी आपल्या वाट्याच्या वर्षात आयरिश भाषेचा क्लास लावला.

दुसरा नियम, तासाला तास. रविवारी तीन तास पळालात, तर त्याच आठवड्यात तीन तास घरातल्या दुसऱ्या माणसाचे. त्या वेळेत मुलं, स्वयंपाक, कपडे, सगळं पळणाऱ्याकडे. आणि तो वेळ कसा घालवला हे विचारायचं नाही. झोपून काढला तरी चालेल.

तिसरा नियम, लांबची धाव सकाळी साडेनऊच्या आत संपवायची. त्यासाठी पहाटे उठावं लागलं तर पळणाऱ्याने उठायचं, अख्ख्या घराने नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं मोजूनमापून संसार होतो का? आमचा अनुभव असा की मोजायला लागल्यावर भांडणं कमी झाली. न मोजलेलं देणं माणूस बोलून दाखवत नाही, मनात ठेवतो. आणि आमच्या क्लबमध्ये बायकांची संख्या वाढली ती या नियमांनंतर. चौघींपैकी एक ताई हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, रात्रपाळी करतात. तिचा नवरा स्वतः पावलंसुद्धा मोजत नाही, पण अठरा आठवडे त्याने तिच्या ड्यूटीचा आणि धावण्याचा तक्ता फ्रिजवर लावून ठेवला होता. शर्यत तिने पूर्ण केली. पण त्या घरात मेडल फ्रिजवर टांगलेलं आहे, त्या तक्त्याच्या जागी.

आता मात्र जरा गंभीर विषय काढावा लागेल. २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्यावर जे सावट आलं होतं ते वगळून मी त्या वर्षीच्या मॅरेथॉनबद्दल बोललो, तर ते बोलणं अर्धवट राहील.

१९ जुलैला टाला भागात एका भारतीय माणसावर हल्ला झाला. तो नुकताच आयर्लंडमध्ये आला होता. त्यानंतर आणखी घटनांच्या बातम्या येत गेल्या. १ ऑगस्टला डब्लिनमधल्या भारतीय दूतावासाने सूचना काढली की भारतीयांनी काळजी घ्यावी आणि अवेळी निर्जन ठिकाणी जाणं टाळावं. ऑगस्टमध्ये फार्मली इथे होणारा इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तुम्ही सगळ्यांनी ते दिवस पाहिले आहेत. भारतातून येणारे फोनही आठवत असतील.

"अवेळी निर्जन ठिकाणी" म्हणजे काय, याचा पळणाऱ्याने विचार करावा. पहाटे साडेपाचला ग्रँड कॅनॉलच्या काठाने पळणं याहून जास्त अवेळी आणि निर्जन काय असणार? आमचा सराव सातव्या आठवड्यात होता. ग्रुपवर एका रात्रीत ऐंशी मेसेज आले. कोणी म्हणालं, या वर्षी बंद करू. कोणी म्हणालं, ट्रेडमिलवर धावू. एकाच्या नाशिकच्या आईने त्याच्याकडून शपथ घेतली की अंधारात बाहेर पडणार नाही. मुलं हे सगळं ऐकत होती. एका आठ वर्षांच्या मुलीने बाबाला विचारलं, "तू पळतोस म्हणून त्यांना राग येतो का?" याचं उत्तर काय द्यायचं, मंडळी? त्या बाबाला पटकन सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं.

त्या रविवारी आम्ही धावलो नाही. भेटलो आणि बोललो. त्यातून काही गोष्टी ठरल्या. एकट्याने धावायचं नाही, किमान दोघांनी. कॅनॉलचा काठ बंद, फिनिक्स पार्क चालू, आणि तेही उजाडल्यावर. फिनिक्स पार्क सातशे हेक्टरांहून मोठं आहे, सकाळी तिथे हरणांइतकीच पळणारी माणसं असतात. फोनवरून लाइव्ह लोकेशन घरी. ज्यांना भीती वाटते त्यांना कोणी भित्रं म्हणायचं नाही. दोघांनी त्या वर्षापुरतं थांबायचं ठरवलं. त्यांचा निर्णय आम्ही मानला. अकराचे नऊ झाले ते असे.

पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकांनी विचारलं, "आपण तीन वर्षं इथे पळतोय. आजूबाजूच्यांपैकी किती जणांना आपली नावं माहीत आहेत?" उत्तर अवघड होतं. आम्ही मराठीत बोलत, मराठीत हसत, आपल्याच घोळक्यात पळत होतो. त्यात वाईट काही नाही. परदेशात आपली भाषा कानावर पडावी म्हणून तर अशा गटांत माणूस जातो. पण ज्या रस्त्यावर आपण रोज पळतो तिथे आपल्याला नावाने ओळखणारं कोणी नसावं, हेही बरं नाही.

इथे एक माहिती देतो, कारण आपल्या अनेक घरांना ती नसते. आयर्लंडमध्ये अॅथलेटिक्स क्लब ही फार जुनी आणि घट्ट रुजलेली गोष्ट आहे. क्लॉनलिफ हॅरिअर्स १८८६ सालचा, डोनोर हॅरिअर्स १८९३ चा. गावोगावी, उपनगराउपनगरांत असे क्लब आहेत, आणि ते फक्त चॅम्पियन लोकांसाठी नाहीत. अॅथलेटिक्स आयर्लंडचा 'फिट फॉर लाइफ' नावाचा उपक्रम आहे. त्यात क्लबांमध्ये नवशिक्या प्रौढांसाठी गट चालतात. तासभर चालत-पळत सराव, सोबत प्रशिक्षक. वर्षाची फी जिमच्या मानाने किरकोळ.

ऑगस्टपासून आमच्यातले बरेच जण दर मंगळवारी संध्याकाळी अशाच एका स्थानिक क्लबच्या गटात जाऊ लागले. रविवारची धाव आमची आम्ही, मंगळवार सगळ्यांबरोबर. पहिल्या दिवशी तिथल्या एका सत्तरीच्या आजींनी आमच्यातल्या एकाला नाव विचारलं, तीनदा म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा बरोबर म्हटलं. मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. ते आयरिश भाषेतलं होतं, लिहितात एक आणि म्हणतात दुसरंच. तो आमचा माणूस सहाव्या प्रयत्नातही चुकला. हिशेब आजींच्या बाजूने फिटला.

यामुळे देशातला वंशद्वेष संपला असं मी म्हणणार नाही. मंगळवारच्या तासाभराने असले प्रश्न सुटत नाहीत. पण टालामधले रहिवासीही त्या हल्ल्याच्या निषेधासाठी रस्त्यावर उतरले होते, हेही त्याच उन्हाळ्यात घडलं. रस्त्यावर आपल्या बाजूने उभं राहणारं माणूस आणि आपल्याला नावाने ओळखणारं माणूस, यांत फार अंतर नसतं. आणि त्या आठ वर्षांच्या मुलीला तिच्या बाबाने नंतर जे सांगितलं ते मला आवडलं. तो म्हणाला, "मी पळतो म्हणून कोणाला राग येत नाही. आणि आला, तरी रस्ता माझाही आहे."

आता शर्यतीच्या दिवसाकडे येऊ. ज्यांना पुढे कधी धावायचं आहे त्यांनी हा भाग नीट ऐका.

पहिली गोष्ट, फराळ. आमच्याकडे लक्ष्मीपूजनापासून शर्यतीपर्यंत जेमतेम पाच-सहा दिवस होते. शर्यतीआधीच्या दिवसांत पिष्टमय पदार्थ जास्त खायचे असतात, हे खरं. पण चकली आणि करंजी म्हणजे कार्बोलोडिंग नव्हे, ते तुपातेलाचं लोडिंग आहे. भात, पोहे, उकडलेला बटाटा, केळं, गूळ-पोळी हे चालतं. शर्यतीत खायला आमच्या काहींनी बाजारच्या जेलबरोबर खजूर घेतले. जे काही घ्याल ते सरावात आधी खाऊन पाहिलेलं असावं. शर्यतीच्या दिवशी नवा बूट नको आणि नवा पदार्थही नको.

दुसरी गोष्ट, घड्याळ. शर्यतीचा रविवार बहुतेक वर्षी घड्याळ तासभर मागे जाण्याचाच दिवस असतो. एक तास जास्त झोप मिळते. ती मोबाईल बघण्यात घालवू नका.

तिसरी गोष्ट, थंडी. फिट्झविल्यम स्क्वेअरच्या आसपास सुरुवातीच्या रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं, कारण धावणाऱ्यांना वेगाप्रमाणे टप्प्याटप्प्याने सोडतात. टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगावर ठेवा.

मार्ग शहराच्या मध्यातून स्टोनीबॅटरकडे आणि तिथून फिनिक्स पार्कात जातो. मग कॅसलनॉक, पुन्हा पार्क, उतरून चॅपलिझॉडला लिफी नदीच्या जवळ, आणि तिथून दक्षिणेकडे क्रमलिन, वॉकिन्सटाउन, टेरेन्युअर. पहिला भाग अंग गरम असल्यामुळे सोपा वाटतो, पण पार्कापर्यंत हळूहळू चढच असतो. तिथे जो जोर लावतो तो क्रमलिनला पस्तावतो. पेसर नावाचे स्वयंसेवक फुगे बांधून ठरावीक वेगाने पळतात, त्यांच्या मागे राहा. पाच तासांत पूर्ण करायची असेल तर किलोमीटरला सात मिनिटं सहा-सात सेकंद, साडेचार तासांत करायची असेल तर सहा मिनिटं चोवीस सेकंद. हा हिशेब तळहातावर लिहून ठेवा, कारण तिसाव्या किलोमीटरनंतर एमबीएवाल्यालाही भागाकार येत नाही.

आणि मग मिलटाउन, क्लॉन्सकी ओलांडून साधारण पस्तिसाव्या किलोमीटरला रोबक रोडचा चढ येतो. एरवी गाडीने जाताना हा चढ जाणवतही नाही. पण तिथवर शरीरातलं इंधन संपलेलं असतं. डब्लिनचे लोक त्याला हार्टब्रेक हिल म्हणतात.

आमची घरं तिथेच उभी होती. ही कल्पना पळणाऱ्यांची नव्हती, घरच्यांची होती. आदल्या संध्याकाळी दिवाळीच्या कार्यक्रमात वाजलेली ढोलकी आणि लेझीम गाडीच्या डिकीतच होते. मुलांनी पुठ्ठ्यांवर मराठीत आणि इंग्रजीत लिहून आणलं होतं. एकावर होतं, "चला, चहा गार होतोय!" मंगळवारच्या गटातल्या आजी आणि आणखी काही जणही तिथे आले. तासाभरात लेझीम आयरिश हातांत गेले होते. ताल चुकत होता, उत्साह चुकत नव्हता. आणि आमच्या लोकांनी काय केलं? फक्त आपल्या नऊ जणांसाठी ओरडून थांबले नाहीत. छातीवरच्या नंबरावर नाव छापलेलं असतं, ते वाचून येईल त्याला हाक मारत होते. शॉन, इफा, पावेल, जे दिसेल ते नाव.

या शर्यतीला फ्रेंडली मॅरेथॉन म्हणतात ते याचसाठी. बेचाळीस किलोमीटरभर अनोळखी माणसं तुमच्या नावाने हाक मारतात. संत्र्याच्या फोडी, जेलीच्या गोळ्या पुढे करतात. मुलं टाळी द्यायला हात पसरून उभी असतात. आपली नावं ते चुकीचीच म्हणतात. पण आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं, की त्या दिवशी त्याचं नाव जितक्या वेळा चुकलं तितक्या वेळा आयुष्यात कोणी प्रेमाने घेतलं नव्हतं.

आयरिश माणसाला नाव घेण्याचं महत्त्व कळतं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जॉन ट्रेसी मॅरेथॉनचं रौप्यपदक घ्यायला स्टेडियममध्ये शिरला, तेव्हा आरटीईचे समालोचक जिमी मॅगी यांनी त्याआधीच्या सगळ्या आयरिश ऑलिम्पिक पदकविजेत्यांची नावं एकामागून एक घेतली. एक माणूस पळत होता, आणि त्याच्या मागे सगळ्यांना उभं केलं. आजही लोक ते आठवून सांगतात.

नऊच्या नऊ जण मेरियन स्क्वेअरजवळच्या अंतिम रेषेपर्यंत पोचले. सगळ्यांत पुढचा ४ तास ५ मिनिटांत, शेवटचे आमचे बावन्न वर्षांचे काका ६ तास २० मिनिटांत. काकांच्या वेळी गर्दी पांगली होती, पण आमची नऊ घरं थांबलेली होती.

आता शेवटचं, आणि हे गमतीत घेऊ नका. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार लवकर गाठतो. इंटरहार्ट नावाच्या अनेक देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की दक्षिण आशियात पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं सरासरी वय ५३ होतं, इतर देशांत ते जवळपास ५९ होतं. चाळिशीच्या पुढचे आपण, दिवसभर खुर्चीत बसणारे, घरात मधुमेह आणि रक्तदाबाचा इतिहास असणारे. पळणं त्यावर चांगला उपाय आहे, पण आधी जीपीकडे जाऊन तपासणी करा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, आणि डॉक्टर सांगतील ते. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

ज्यांनी कधीच धावलेलं नाही त्यांनी पार्करनपासून सुरुवात करा. दर शनिवारी सकाळी साडेनऊला, पाच किलोमीटर, फुकट. आयर्लंडमध्ये हा उपक्रम २०१२ साली मॅलहाइडला सुरू झाला, आता ठिकठिकाणी आहे. चालत गेलात तरी चालतं, मुलांना घेऊन गेलात तरी चालतं. यंदा पाच आणि दहा किलोमीटर करा, जमलं तर सप्टेंबरात अर्धमॅरेथॉन. गेल्या काही वर्षांत पूर्ण मॅरेथॉनची सोडत साधारण आदल्या नोव्हेंबरात निघते, तेव्हा नाव घाला. म्हणजे घरातल्यांशी बोलायला तुमच्या हातात भरपूर वेळ आहे. ते बोलणं सोडतीच्या आधी करा, नंतर नाही.

आणि पळायचं नसेल तरी ऑक्टोबरच्या त्या रविवारी दोन तास काढा. रोबकच्या चढावर या. नंबरावरची नावं वाचा आणि हाक मारा. लेझीम आम्ही आणतो, चहाही आणतो. कप तेवढे घरून आणा.